सपाट चमचा

४ फेब्रुवारी

चि. मोजपट्टीस,
अनेक उ. आ.

आताच वॉर्डातून आले. पाय कोमट पाण्यात बुडवून, मांडीवर पाट घेऊन लिहिते आहे, तेव्हा कागद ओला लागला तर नाक मुरडू नकोस. तुझी ठकी आज तेरा दिवसांची झाली. तिसऱ्याच दिवशी तिला सोडून परत यावं लागलं याची चुटपुट अजून जात नाही. पण इथे बाळंतिणींच्या वॉर्डात सहाजणींचं काम आम्ही चौघी ओढतोय. त्यात मुख्य परिचारिकाच रजा टाकून बसली तर बाकीच्या तिघी माझ्या नावाने खडे फोडतील.

इकडे नवीन रामायण सुरू झालंय. आमच्या मुलांच्या डॉक्टरांनी वर्तमानपत्रात पत्र छापून आणलं. त्यांचं म्हणणं, ज्या आईला खरोखरच दूध पुरत नाही तिला डब्याचं दूध नीट कसं बनवायचं ते शिकवणारं एक टेबल वॉर्डात असावं. तुला माहीतच आहे, आमच्या वॉर्डात डब्याचं नावसुद्धा काढायचं नाही हा नियम अकरा वर्षांपूर्वी मीच घालून घेतला. तेव्हा मी गप्प बसणं शक्यच नव्हतं. रविवारी माझं उत्तर छापून आलं, आणि तेव्हापासून रोज दोन-तीन पत्रं येताहेत. एक म्हणतो आम्ही आयांना छळतो, दुसरा म्हणतो हल्लीच्या आया आळशी झाल्या. गंमत म्हणजे दोन्ही बाजूंनी लिहिणारे बहुतेक पुरुषच आहेत.

सोबत आमची पुस्तिका पाठवते आहे. मजकूर सगळा माझाच आहे. सातव्या पानावर खूण केली आहे, ते नीट वाच: वरचं दूध पोटभर दिलं की बाळ अंगावर ओढत नाही, आणि बाळाने ओढलं नाही की दूध येत नाही. एवढं एक ध्यानात ठेवलंस तरी पुरे. लहानपणी साबणाची वडी पट्टी लावून निम्मी करणारी तू, तुला जास्त सांगायला नको.

ठकीचे पापे घे. माया आहेच, पण चार ओळी येत राहिल्या म्हणजे ती जागेवर राहते.

तुझी,
ताई


१२ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

विशेष एवढंच की आज मी केस विंचरले. सहा दिवसांनी. कंगव्यात निम्मे आले, पण उरलेत ते तरी सरळ झाले.

फोन करत नाही म्हणून रागावू नकोस. घर दोन खोल्यांचं, सासूबाईंचे कान तिखट, आणि तू फोनवर वॉर्डात बोलतेस तशीच बोलतेस. पत्रात निदान माझं वाक्य पुरं होतं. हे पत्र चार बैठकांत लिहिते आहे, तेव्हा मधेच विषय बदलला तर समजून घे.

ठकी रडते. रडते म्हणजे किती ते सांगायला माझ्याकडे माप नाही, आणि माप नाही हे मी कबूल करते म्हणजे बघ. अंगावर घेतली की दहा मिनिटं चोखते, मग तोंड बाजूला करून किंचाळते, मग थकून झोपते, अर्ध्या तासाने परत तेच. सासूबाई म्हणतात माझंच खाणं कमी पडतंय. समोरच्या बाई म्हणतात त्यांच्या सुनेला इतकं यायचं की ओसंडायचं. यांच्या आत्या येऊन गेल्या, त्यांनी सांगितलं की डब्याच्या दुधावर वाढलेली मुलं आयुष्यभर आईला परकी राहतात. चष्म्याच्या दुकानातली माझी मैत्रीण, ती काचा कापते आणि मी घासते ती, तिने तर निरोप पाठवला की हे सगळं थोतांड आहे, बाटली दे आणि झोप काढ. सगळ्याजणी आपापलं सांगून घरी जातात, आणि मी ठकीला घेऊन इथेच राहते. हे लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर सकाळी सातला जातात ते अंधार पडल्यावर येतात. आल्यावर तिला खांद्यावर घेऊन फिरतात आणि उभ्याउभ्या पेंगतात.

तुझी पुस्तिका वाचली. दोनदा वाचली. एक विचारायचं होतं. बाळाचं पोट भरलं हे आईला कसं कळतं? म्हणजे भरलंच नसेल तर कळतं का? सहज विचारते आहे.

पत्र टाकायला आता यांनाच पाठवते. तुझं प्रेम आहे म्हणून हे बाळंतपण निभतंय, ते तसंच असू दे.

तुझी,
मोजपट्टी


१८ फेब्रुवारी

चि. मोजपट्टीस,
अनेक उ. आ.

तुझं पत्र वाचून हसूही आलं आणि वाईटही वाटलं. अगं, सगळ्याच पहिलटकरणींना वाटतं की आपलं दूध पुरत नाही. वॉर्डात दिवसाला दहाजणी हेच विचारतात, आणि दहाहीजणींना मी हेच सांगते की शंका सोडा आणि बाळाला घ्या. तूही तेच कर. दर दोन तासांनी घे, दोन्ही बाजूंनी घे, पाणी पी, आणि सल्ला द्यायला येणाऱ्या बायकांना दारातूनच वाटेला लाव. चोखून चोखूनच येतं ते.

मी डब्याच्या नावाने एवढी का पेटते ते तुला कधी नीट सांगितलं नाही. मी नवी होते तेव्हा कंपनीचा माणूस वॉर्डात खुशाल यायचा आणि प्रत्येक खाटेवर एक डबा ठेवून जायचा. फुकट. डबा संपेपर्यंत बाईचं दूध आटलेलं असायचं. मग घरी जाऊन त्या एका डब्याचे तीन करायच्या. असं पातळ दूध पिऊन परत आलेली बाळं मी हातांत घेतली आहेत. दोन तर माझ्या हातांतच गेली. मुलांचे डॉक्टर तेव्हा शाळेत असतील, त्यांना टेबल मांडायला काय जातंय.

वीस मार्चला इस्पितळाच्या समितीपुढे जाहीर सुनावणी आहे. प्रत्येकाला तीन मिनिटं. मी बोलणार आहे. परवा आमच्या बैठकीत मी तुझंच उदाहरण दिलं. म्हटलं, माझी सख्खी बहीण, पहिलंच बाळंतपण, मदतीला धड कोणी नाही, तरी थेंबभर वरचं न देता निभावते आहे. सगळ्यांनी तुझं कौतुक केलं. आता माझी मान खाली घालायला लावू नकोस हो.

फार थकले आहे, इथेच थांबते. तुझ्या नवऱ्याला सांग, उभ्याने पेंगू नये, बाळ पडेल. तुम्हा तिघांवर जीव आहे, तो असाच राहील.

तुझी,
ताई


२७ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हे पत्र मी तीनदा फाडलं. हे चौथं आहे, आणि ते वाचून न बघताच पाकिटात घालणार आहे.

मी ठकीला डबा देते आहे. चौदा तारखेपासून. म्हणजे तू बैठकीत माझं कौतुक केलंस त्याच्याही आधीपासून.

मला दूध येतच नव्हतं गं. तुझ्या पुस्तिकेतलं सगळं केलं. दर दोन तासांनी, दोन्ही बाजूंनी, पाणी पिऊन पिऊन पोट टम्म झालं. ठकीचे ओठ कोरडे पडायला लागले तेव्हा मी स्वतःच चालत जाऊन डबा आणला आणि शिवणयंत्राच्या खणात ठेवला. सासूबाई आंघोळीला गेल्या की करायचं, किंवा त्या जिना उतरून खाली गेल्या की.

आता खरी गोष्ट. डब्यावर माप लिहिलेलं आहे. मी वाचलं. काचेचा पाव नंबर चुकला तर ती परत घासणारी मी, मला माप कळत नाही असं नाही. पण तुझं सातवं पान डोळ्यांपुढे होतं. पोटभर दिलं की बाळ ओढत नाही, ओढलं नाही की दूध येत नाही. म्हणून मी विचार केला की पोटभर द्यायचंच नाही. चार चमच्यांच्या पाण्यात दीडच चमचा पावडर घालायची. तिचा घसा ओला होईल, जीव राहील, पण भूक शिल्लक राहील, आणि त्या भुकेने ती माझ्याकडे ओढेल. मला वाटलं असं केलं तर ते अर्धंच पाप. मला खरंच असं वाटलं, ताई. दिवसभरात दोन तास झोप मिळाली की माणसाला काय काय पटतं.

आज तिला आरोग्यकेंद्रात नेलं. जन्मली तेव्हा दोन किलो नऊशे होती. आज पाच आठवड्यांची होऊन तीन किलो पन्नास ग्रॅम आहे. तिथल्या बाईंनी विचारलं काय पाजता, तर मी म्हटलं अंगावरचं. त्या म्हणाल्या छान, असंच चालू ठेवा, आठ दिवसांनी परत आणा. मी घरी येऊन आरशासमोर तिला उघडी केली. तिच्या मांड्या माझ्या अंगठ्याएवढ्या वाटल्या. ती आता रडतही नाही फारशी. सासूबाई खूश आहेत की बाळ शांत झालं.

मी काय करू ते सांग. जे बोलायचं असेल ते नंतर बोल.

तुझी,
मोजपट्टी


५ मार्च (फळीवर, ताटाखाली ठेवलेली चिठ्ठी)

चि. मोजपट्टीस,

आशीर्वाद आहेत, नेहमीपेक्षा जास्तच आहेत.

तू आणि ठकी दोघी झोपला आहात. मला साडेअकराची गाडी धरायची आहे म्हणून उठवत नाही. गेल्या चार दिवसांत झोपलेली तू मला पहिल्यांदाच दिसते आहेस.

मी आल्या पावली ठकीला नेलं त्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी काल तिला घरी सोडताना सांगितलं ते तू ऐकत होतीस, पण तुझे डोळे भलतीकडे होते, म्हणून परत लिहिते. पातळ दुधाने तिच्या रक्तातलं मीठ उतरलं होतं, ते दोन दिवसांत ठीक झालं. धोका टळला आहे. दर तीन दिवसांनी वजन करायचं. बाळंतपणानंतर तुला सोडताना इस्पितळाने दिलेल्या कागदावर बाळंतपणात फार रक्त गेल्याचं लिहिलं आहे. तेवढं रक्त गेलं की बऱ्याचदा दूध कमी येतं. तो कागद मी तिसऱ्या दिवशी माझ्या हातांनी घडी करून तुझ्या पिशवीत ठेवला होता, आणि वाचला नव्हता. पहिलाच प्रश्न मी तो विचारायला हवा होता.

आता दूध कसं करायचं ते. मी आयुष्यात हे कोणाला लिहून दिलेलं नाही, तेव्हा चुकलं तर डब्यावरचं खरं धर.

हात साबणाने धुवायचे. वाटी, चमचा, बाटली उकळत्या पाण्यातून काढायच्या. पाणी खळखळ उकळून घ्यायचं, मग थोडा वेळ ठेवायचं, पण अगदी गार होऊ द्यायचं नाही. आधी पाणी मोजून घालायचं, मग पावडर. चमचा डब्यातलाच वापरायचा, दाबून भरायचा नाही, सुरीच्या पाठीने सपाट करायचा. डब्यावर जितके चमचे तितकेच, एक कमी नाही, एक जास्त नाही. गार नळाखाली बाटली धरायची आणि मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब टाकून बघायचा. प्यायल्यावर उरलं की ओतून टाकायचं, जपून ठेवायचं नाही. आधी अंगावर घे, जितकं येईल तितकं, मग हे. जे येतं तेही तिचंच आहे.

डबा मी खणातून काढून ओट्यावर ठेवला आहे. सासूबाईंना मी सांगितलं. त्या म्हणाल्या की पाणी उकळायचं काम त्यांच्याकडे.

जे बोलायचं ते नंतर बोल असं तू लिहिलं होतंस. मला काही बोलायचं नाही. तुला असेल ते लिही.

ताई


१४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आधी बातमी. आज तीन किलो सहाशे वीस. केंद्रातल्या बाईंनी काटा दोनदा बघितला. ठकी आता खणखणीत रडते, सगळ्या जिन्याला ऐकू जातं, आणि मला ते ऐकत बसावंसं वाटतं. गालाला वळी पडायला लागली आहे. सासूबाईंनी पाणी उकळण्याचा असा काही कारखाना काढलाय की खिडक्यांच्या काचा दिवसभर घामेजलेल्या असतात. हे रात्रीची एक बाटली स्वतः देतात आणि चमचा सपाट करताना जीभ बाहेर काढतात.

आता तू लिही म्हणालीस ते. मला तुझा राग आला आहे. ठकी तीन किलो होती तेव्हा रागावायलासुद्धा अंगात बळ नव्हतं, आता सवड मिळाली आहे. मी तुला विचारलं होतं की पोट भरलं हे कसं कळतं. तू सांगितलंस की दहाजणी हेच विचारतात. तू दहाजणींना उत्तर दिलंस, मला दिलंच नाहीस. आणि वर कौतुक पाठवलंस. त्या कौतुकाला घाबरून मी नऊ दिवस गप्प बसले. तू डब्याच्या विरुद्ध आहेस म्हणून मला राग नाही, ती दोन बाळं तुझ्या हातांत गेली हे मला समजतं. पण त्यानंतर तू बायांकडे बघायचं सोडून डब्याकडेच बघायला लागलीस.

आणि एक गोष्ट मनातून जात नाही. माझी चूक कळल्यावर तू त्याच दिवशी गाडी धरलीस. मी तुझी बहीण म्हणून. पण मी नुसती तुझ्या वॉर्डातली सोळा नंबरच्या खाटेवरची बाई असते, तीच पुस्तिका घेऊन घरी गेलेली, तर मी पत्र कोणाला लिहिलं असतं?

वीस तारखेला तू काय बोलावंस ते मी सांगत नाही. माझं उदाहरण आधी दिलंच आहेस, तेव्हा हवं तर पुरतं दे. माझी हरकत नाही. मला लाज वाटून वाटून आता कंटाळा आला आहे.

रागावले आहे, पण तुझीच आहे. दोन्ही धरून चाल.

मोजपट्टी


२४ मार्च

चि. मोजपट्टीस,
अनेक उ. आ.

तुझं पत्र चार दिवस पर्समध्ये घेऊन फिरले. उत्तर द्यायला उशीर झाला, कारण आधी काहीतरी करावं आणि मग लिहावं असं वाटलं.

सुनावणीत माझा नंबर सातवा होता. मुलांचे डॉक्टर पहिल्या रांगेत हाताची घडी घालून तयारीत बसले होते. मी उठले आणि म्हटलं की अकरा वर्षांपूर्वीचा नियम माझा होता आणि तो मी मागे घेते. पुस्तिकेतल्या सातव्या पानावरच्या माझ्या वाक्यावर भरवसा ठेवून एका आईने बाळाला पातळ दूध पाजलं, बाळ इस्पितळात गेलं, आणि ती आई अडाणी नव्हती, बेपर्वा नव्हती, माझी बहीण होती. आईचं दूध सगळ्यांत चांगलं हे मी मरेपर्यंत म्हणेन. पण ज्या बाईला ते पुरत नाही तिला आम्ही दाराबाहेर काढतो आणि तिने घरी जाऊन अंदाजाने काहीतरी करावं अशी वेळ आणतो. कंपनीच्या माणसाला दार बंदच राहू दे, पण ते टेबल मांडा, तिथे आमचीच परिचारिका बसू दे. तीन मिनिटांतलं एक उरलं होतं, तरी मी खाली बसले.

मागच्या रांगेतल्यांनी टाळ्या वाजवल्या, त्यांचा मला फार राग आला. त्यांना वाटलं मी त्यांच्या बाजूची झाले. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात एकाने लिहिलं की मी कंपनीला विकली गेले. माझ्याबरोबर पुस्तिका वाटणारी जुनी सोबतीण, अकरा वर्षं एका डब्यात जेवलो आम्ही, ती आता जिन्यात दिसली की खाली बघते. टेबल मंजूर झालं. डॉक्टर येऊन हात जोडून गेले. मला कशाचंच काही वाटलं नाही, फक्त घरी जाऊन आडवं व्हावंसं वाटलं.

मग घरी येऊन तुझा सोळा नंबरच्या खाटेचा प्रश्न परत वाचला. दुसऱ्या दिवशी नोंदवही काढली. गेल्या तीन महिन्यांत आमच्या वॉर्डातून घरी गेलेल्या आणि नंतर वजनाला परत न आलेल्या बाळांची यादी केली. एकतीस निघाली. कोणी गाव बदललं असेल, कोणाचं बाळ ठणठणीत असेल. पण मला आता अंदाज करायचा नाही. काम सुटल्यावर रोज दोन-तीन घरं करायची असं ठरवलं आहे.

आज तीन झाली. पहिल्या घरी बाळ असं गुटगुटीत की उचलताना माझी कंबर धरली. दुसऱ्या घराला कुलूप होतं. तिसरं घर एका कापडाच्या गोदामाच्या वर, तिसऱ्या मजल्यावर. दार अर्धं उघडंच होतं, मी हाक मारली. आतून एक बाई आली, तुझ्याहून लहान असेल. मला बघितलं आणि तिच्या चेहऱ्यावरचा रंगच उतरला. एक हात तिने झटकन पाठीमागे नेला. मी काही विचारायच्या आत तिने सांगून टाकलं की ती फक्त अंगावरच पाजते, दुसरं काही देत नाही, माझ्या पायाची शपथ.

इतकी वर्षं मला वाटायचं की बाया मला मानतात. मी बाहेर जिन्याच्या पायरीवर बसले. तिला म्हटलं की मी रागवायला आलेली नाही, मीच चुकले आहे, आणि ती पाठीमागे काय धरून उभी आहे ते बघायला आले आहे, म्हणजे ते नीट करायला शिकवता येईल. तिने दार लोटून घेतलं. आत बाळ रडत होतं, ते मला ऐकू येत होतं. मी उठले नाही. वीस मिनिटांनी दार उघडलं आणि तिने डबा माझ्यासमोर आणून ठेवला.

तुझा राग पुरता फिटेपर्यंत रागाव, मला घाई नाही. ठकीला माझा पापा दे.

तुझी,
ताई